परळ भरला, पण माती उघडीच

"पंचगंगा आहे, रंकाळा आहे, कळंबा आहे. कोल्हापुरात पाखरांना पाण्याची कसली ददात?" दर मार्च-एप्रिलमध्ये हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतं. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत आपलं शहर नशीबवान आहे, हे खरंच. पण राजारामपुरीतल्या एखाद्या बागेत शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलं असेल, तर तो भर दुपारी पिल्लं सोडून रंकाळ्यावर जात नाही. बेडूक जात नाही, सरडा जात नाही, गांडूळ तर नाहीच नाही. त्यांचं सगळं जग तुमच्या-माझ्या परसाएवढं. पारा 38 ते 40 अंशांना टेकतो तेव्हा त्या परसात ओल आणि सावली आहे का, यावर त्यांचं जगणं ठरतं.

आपल्याकडे कळवळ्याची कमी नाही. उन्हाळा आला की गच्चीगच्चीवर पाण्याने भरलेले परळ, म्हणजे मातीची पसरट भांडी, दिसतात. पण ऐकीव समजुतींमुळे या कळवळ्याचा निम्मा उपयोग वाया जातो, कधी अपायही होतो.

वळवाचंच घ्या. दुपारी चारला आभाळ भरून येतं, अर्धा तास धो धो कोसळतं, मातीचा वास सुटतो आणि आपण म्हणतो, "झाडं न्हाली, आता दोन दिवस पाइप नको." गेल्या वर्षी अशाच एका वळवानंतर मी आंब्याच्या बुडाशी खुरप्याने उकरून पाहिलं. वरची दोन बोटं चिखल, त्याखाली माती कोरडी ठणठणीत. हिशेब सोपा आहे. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर पाणी. 10 मिलिमीटरची सर आली तरी चौरस मीटरला एक लहान बादली मिळते, त्यातली काही पानांवरच अडकते आणि काही तापलेल्या फरशीवरून गटारात जाते. म्हणून वळीव झाला तरी खुरप्याला विचारल्याशिवाय पाणी बंद करू नका.

"भर उन्हात पाणी घातलं की थेंबांचं भिंग होतं आणि पानं भाजतात" ही समजूत तर जवळजवळ प्रत्येक घरात आहे. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी ती तपासून 2010 साली 'न्यू फायटॉलॉजिस्ट' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गुळगुळीत पानावर थेंब पसरट बसतो, त्यामुळे किरण पानावर एकवटत नाहीत आणि पान भाजत नाही. दाट लव असलेल्या पानांवर थेंब अधांतरी अडकला, तरच डाग पडू शकतो. तेव्हा कुंडीतलं रोप दुपारी खरोखर कोरडं पडलं असेल, तर संध्याकाळची वाट पाहत त्याला मरू देऊ नका. पहाटेचं पाणी चांगलं, ते वेगळ्या कारणाने: उन्हात उडून जाण्याआधी ते मुरतं. झाडाला खरं पोळतं ते उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी. ते आधी हातावर घेऊन बघा.

मात्र दुपारी मान टाकलेलं प्रत्येक झाड तहानलेलं नसतं. जास्वंद, भोपळ्याचा वेल भर उन्हात मलूल होतात, कारण पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना त्या घटकेला वर चढवता येत नाही. दिवे लागायच्या सुमारास पानं पुन्हा उभी राहिली, तर काळजीचं कारण नाही. मातीत बोट घाला. दोन पेरं खाली ओल लागली तर पाणी नको. ओल असूनही झाड सकाळीदेखील मलूल असेल, तर बहुधा मुळं कुजत आहेत, आणि आणखी पाणी म्हणजे त्याचा शेवट. जमिनीतल्या झाडाला रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर पाणी द्यावं, म्हणजे मुळं खोल जातात. कुंडीचं तसं नाही, तिला रोज बघावं लागतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. "पाला झाडून जाळला की अंगण स्वच्छ." आपण मुठीएवढ्या परळात पाखरांना पाणी ठेवतो आणि त्याच सकाळी बागेची सगळी ओल झाडूने गोळा करून पेटवून देतो. उघडी काळी माती उन्हात तापते, भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओलही निघून जाते. तिच्यावर तीन-चार इंच पाला असेल, तर खाली हात घातल्यावर गारवा लागतो. कोल्हापूरकराला तर आच्छादन शोधायला जावंच लागत नाही. साखरपट्ट्यात राहतो आपण. उसाचं पाचट गाडीभर मिळतं आणि शेतात फुकट पेटवलं जातं. ते आणून वाफ्यांत, झाडांच्या आळ्यांत पसरा. माझ्याकडे पाचटाखाली मे महिन्यातही गांडुळं सापडतात. गांडूळ आहे म्हणून दयाळ येतो, किडे आहेत म्हणून सातभाई सकाळभर पाला उलटापालटा करत बसतात. पिल्लांच्या चोचीत जाणारा घास त्या पाल्यातूनच येतो.

यावर दोन शंका हमखास येतात. वाळवी लागेल का? वाळवीची भूक मुख्यतः मेलेल्या लाकडाची. पाला बुंध्यापासून वीतभर दूर ठेवा, झाडाला ओल मिळू द्या. साप येईल का? साप येतो तो उंदीर-बेडकांमागे, आणि दडतो विटांच्या, लाकडांच्या ढिगात. तो ढीग हलवा. सापाच्या भीतीने कुंपणाकडेला फिनेल किंवा कार्बोलिक ॲसिड ओतणं मात्र थांबवा. साप त्याने अडत नाही. मरतो तो बेडूक. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, आणि जमिनीवर ओतलेलं विषही त्याच वाटेने त्याच्या अंगात जातं. त्याला परळाचा उपयोग थोडाच. सावलीत एक फुटकी कुंडी आडवी टाका आणि तिच्याखालची माती ओली ठेवा.

परळाबद्दलही समज दुरुस्त करायला हवेत. "भांडं जितकं खोल तितकं चांगलं" हे चूक. चिमणी-बुलबुलाला दोन इंच पाणी पुरतं. खोल बादलीत, उघड्या टाकीत खारी आणि पिल्लं बुडून मरतात; तिथे एक काठी तिरकी टाकून ठेवा. परळात दोन-तीन दगड ठेवा, त्यांचा माथा पाण्याबाहेर राहू द्या. मग एखाद्या दुपारी शांत उभं राहून पाहा. मधमाशी दगडाच्या कडेवर उतरते, सोंड पाण्याला लावते आणि तिचं पोट भात्यासारखं हलत राहतं. हे पाणी ती पोळ्यात नेते, तिथे त्याचे थेंब पसरून माश्या पंखांनी वारा घालतात आणि आतली पिल्लं 35 अंशांच्या आसपास राखतात. तिला साखरेचं पाणी देऊ नका. उघड्यावरच्या साखरपाण्यावर अनेक पोळ्यांतल्या माश्या जमतात आणि रोग पसरतो. साधं पाणीच तिला हवं.

"पाणी ठेवलं की डास होतात" यात तथ्य आहे, पण अर्धं. अंड्यातून डास बाहेर पडायला उन्हाळ्यातही साधारण आठवडा लागतो. परळ रोज ओतला तर डास होऊच शकत नाही. फक्त नुसतं ओतू नका, काथ्याने घासा. डेंग्यूचा डास अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतो आणि ती कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात.

उन्हाने भोवळून खाली पडलेला पक्षी दिसला की आपण पहिल्यांदा त्याची चोच उघडून पाणी ओततो. मायेपोटी केलेली ही कृती त्याचा जीव घेऊ शकते. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात घालून सावलीत, शांत ठिकाणी ठेवा आणि समोर उथळ झाकणात पाणी ठेवा. बरेचदा तासाभरात तो उठतो. पिल्लू घरट्याखाली पडलं असेल तर उचलून परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. चोच उघडी ठेवून बसलेला कावळा भुकेला नसतो. पक्ष्यांना घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववतात. त्याला हुसकू नका, एवढं पुरे.

आता पुन्हा झाडांकडे. उन्हात खत घालून झाड 'तरतरीत' करू नका, कोरड्या मातीत खताचे क्षार मुळांना जाळतात. आणि पावसाळ्याची तयारी म्हणून एप्रिल-मेमध्ये फांद्या छाटायला घेऊ नका. ऐन घरट्यांच्या दिवसांत आपण सावली तोडतो, आणि 'वाळकी, निरुपयोगी' म्हणून जी फांदी पाडतो तिच्यातच तांबटाने बीळ कोरलेलं असतं. अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवताना ते बुंध्याला भिडवू नका. दिल्लीत झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटर त्रिज्येत काढायचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिला होता. तेवढी मोकळी माती आपल्याही झाडाला द्या.

मातीचा परळ कुंभार गल्लीत सहज मिळेल, पाचट कुठल्याही ओळखीच्या शेतकऱ्याकडे. या रविवारी दोन्ही आणा. आणि परळ रोज सकाळी घासून भरायचं काम घरातल्या कुणाचं, ते नाव आजच ठरवा.