डागडुजीचं दशक

डागडुजीच्या खुणा आता कारखान्यातून रंगवून येतात. अमेरिकेतल्या मालगाडीचं, पुन्हा बांधलेलं आणि केबिन नसलेलं डिझेल इंजिन १:८७ प्रमाणात तयार मिळतं. केबिनच्या जागी ठोकलेला पत्रा, वेल्डिंगची शिवण, गंजाचे ओघळ, सगळं खोक्यातून अलगद बाहेर येतं. रुळावर ठेवलं की आवाजही करतं. स्वारगेटच्या एका तरुण दोस्ताने मागवलेलं असं इंजिन परवा पाहिलं. वाटेत त्याचा एक कठडा तुटला होता. म्हटलं, दे, डाग देऊन देतो. तो म्हणाला, "कशाला काका? परत पाठवतोय, बदलून मिळेल." दुरुस्तीचं स्मारक दुरुस्तीविना परत गेलं. तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते इथे ओततो आहे.

केबिन नसलेलं इंजिन ही मुळात काटकसर. १९३९ साली जनरल मोटर्सने ५४०० अश्वशक्तीचा चार भागांचा डिझेल संच अमेरिकेत फिरवला. त्यातल्या मधल्या दोन भागांना केबिनच नव्हतं. पुढे बसलेला चालक केबलमधून चौघांनाही हाकतो. मग मधे काचा, खुर्च्या हव्यात कशाला? पुढे बर्लिंग्टन नॉर्दर्न, सांता फे अशा रेल्वे कंपन्यांच्या कार्यशाळांनी जुन्या, ठोकर खाल्लेल्या इंजिनांनाही हाच न्याय लावला. इंजिन, जनित्र, बोगी शाबूत ना? मग फुटलेलं डोकं कापा, वर पत्रा मारा आणि लावा कामाला. दिसायला बेंगरूळ, ओढायला पठ्ठ्या.

आपल्याकडे इंजिनाचं डोकं कापल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण दुसरा जन्म देण्यात आपणही मागे नव्हतो. अल्को कंपनीच्या आराखड्याचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन बनारसला १९६४ पासून बनू लागलं. ते थकलं की पटियाळाच्या कारखान्यात जायचं आणि २६०० चं ३१०० अश्वशक्तीचं होऊन परतायचं. पुणे-मिरज मार्गावर जोडीने लावलेली डिझेलं शिंदवणे घाट चढायची तेव्हा मागचं केबिन रिकामंच असायचं. आमच्या डोक्यात किडा वळवळला तो तिथेच.

त्याआधीचा काळ भरभर उरकतो. ८ एप्रिल १९५६ ला पेशवे पार्कात फुलराणी ही छोटी आगगाडी सुरू झाली. पुण्याच्या दोन-तीन पिढ्यांना रेल्वेचं वेड लागलं ते तिच्यामुळे. पुढची पस्तीस वर्षं परदेशातून येणाऱ्या काका-मामांच्या बॅगेकडे डोळे लावण्यात गेली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

खरी मजा १९९५ ते २००५. मुकुंदनगरातल्या एका गच्चीवरच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण जमायचो. कुणी बँकेतला, कुणी टर्नर, एक जण बसच्या कार्यशाळेतला फिटर. १ एप्रिल १९९८ ला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय कोथरूडला उघडलं आणि आमच्या नादाला घरात जरा प्रतिष्ठा आली. तोवर "या वयात खेळणी?" हेच ऐकत होतो.

एकाच्या भाच्याने अमेरिकेहून एक सहा आसांचं इंजिन पाठवलं. टपालात त्याच्या केबिनचा चुराडा झाला. सगळे हळहळले, फिटरकाका मात्र खूश. म्हणाले, "आयतं मिळालं की!" त्यांनी हॅक्सॉचं तुटकं पातं घेतलं आणि प्लॅस्टिकचं केबिन मुळापासून कापलं. एका डब्याचा पातळ पत्रा कापून, कानशीने घासून, तिथे बसवला. पाठीमागून बोथट सुईने एकेक टोचा दिला की पुढे रिव्हेट उमटे. ओळ वाकडी गेली की पत्रा फेकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. जोडाला एम-सील, त्यावर लांबी, मग पाण्याचा पॉलिशपेपर. पंख्याची जाळी चहाच्या गाळणीची, कठडे तांब्याच्या तारेचे. आतली जळालेली मोटर काढून जुन्या बाजारातल्या टेपरेकॉर्डरची बसवली. तारा आणि रेझिस्टर तापकीर गल्लीतले. पहिल्या रात्री ते उलटंच धावलं. दुसऱ्या रात्री आठ डबे ओढले.

त्यावरून जे रामायण झालं तेही सांगून टाकतो. आमच्यातल्या देशी पंथाला अमेरिकन इंजिन खपेना. त्यांनी तयार चाकांवर अल्को बांधायला घेतलं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ ला सव्वाएकोणीस. बाजारातला रूळ साडेसोळाचा. इंजिन प्रमाणात आणि रूळ अरुंद! हे मी बोट दाखवून सांगितलं म्हणून दोघांनी वर्षभर अबोला धरला. अजूनही सांगतो, हिशेब माझाच बरोबर होता. एका प्रदर्शनात आमचं टेबल स्वच्छतागृहाच्या दारात लावलं, तेव्हा मात्र दोन्ही पंथ एक होऊन भांडले.

मग एकेक जण पांगला. फिटरकाका गेले, गच्चीच्या जागी सहा मजले उठले. खऱ्या रुळांवरही तेच. मिरजेच्या मार्गावर तारा आल्या, घोरपडीच्या डिझेल शेडात विजेची इंजिनं नांदू लागली. विजेला माझा विरोध नाही; घाटातला तो काळा धूर काही आरोग्यवर्धक नव्हता. पण बनारसनेच दोन डिझेल इंजिनांचं १०,००० अश्वशक्तीचं विजेचं जोडइंजिन करून दाखवलं होतं. १९ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला, बातम्या झाल्या आणि गाजावाजा विरला. आयुष्य शिल्लक असलेली डिझेलं भंगारात निघण्याच्या बातम्या मात्र येत राहिल्या.

सरकारदरबारी आमचं मॉडेल म्हणजे बाहुली आणि तीनचाकीच्या पंगतीतलं खेळणं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. देशी खेळण्यांना बळ द्यायचं तर द्या. पण साडेसोळाचा रूळ, चाकं, बारीक मोटर इथे बनवायला कोण पुढे आलंय? बनवणाऱ्याचे हात बांधले गेले. ज्याच्या खिशात पैसा आहे तो तयार माल मागवतोच.

म्हणून तरुण दोस्तांना खडूस सल्ला देतो. सत्तर टक्के भरून दुसऱ्याची डागडुजी विकत घेऊ नका. मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटला आलीय. तीत बसा, मंडईला उतरा, पायी तापकीर गल्ली गाठा. एक मोटर, थोडी तार, एक पातं घ्या. पत्रा घरातल्या डब्याचा चालेल. पहिलं इंजिन भिकार होईल, हमखास घसरेल. पण त्याचा कठडा तुटला तर तो कुठे जोडायचा, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.