एकसष्ट कोटी चेक आणि पंचवीस पानं

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशभरातल्या बँकांच्या क्लिअरिंगमधून सुमारे ६१ कोटी चेक गेले. आकडा भलामोठा वाटतो. आता दुसरा आकडा घ्या. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात यूपीआयवर २,००१ कोटी व्यवहार झाले, म्हणजे रोजचे साधारण साडेचौसष्ट कोटी. देशाने वर्षभर लिहिलेले, सह्या केलेले, पेटीत टाकलेले सगळे चेक एका पारड्यात आणि यूपीआयचा एकच दिवस दुसऱ्या पारड्यात टाकला, तर दिवसाचंच पारडं खाली जातं. वर्षाच्या चेकना गाठायला यूपीआयला तेवीस तासही पुरेसे होतात.

हे उलटं व्हायला फार वर्षं लागली नाहीत. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं आणि बँकांची ॲप्स ऑगस्टअखेर लोकांच्या हातात पडली. २०१६-१७ या त्याच्या पहिल्या वर्षात, नोटाबंदीचं वर्ष असूनही, यूपीआयचे व्यवहार होते १ कोटी ७९ लाख आणि चेक होते १२० कोटींच्या वर. एका यूपीआय व्यवहारामागे ६७ चेक. २०२४-२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार १८,५८७ कोटी झाले आणि एका चेकमागे ३०५ यूपीआय व्यवहार पडू लागले. प्रमाण वीस हजार पटींनी फिरलं, तेही आठ वर्षांत. पैशाच्या देवाणघेवाणीची जी सवय लोकांच्या हाताला दोन-तीन पिढ्या होती, ती एखाद्या मुलाची शाळा संपायच्या आत बदलली.

हे आकडे देशाचे आहेत. विठ्ठलवाडीच्या फलाटावरून ते कसे दिसतात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कल्याणच्या पुढचं, कर्जत मार्गावरचं हे पहिलं स्टेशन. एका अंगाला कल्याण पूर्व आणि तिथलं एसटीचं आगार, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळ होती. देशातले ६१ कोटी चेक १४० कोटी लोकांत सारखे वाटले, तर कल्याण-डोंबिवलीच्या वाट्याला वर्षाला साधारण ५ लाख ४० हजार येतात. ऑगस्ट २०२५ च्या गतीने यूपीआय सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास व्यवहार करतं. म्हणजे दोन शहरांचे मिळून वर्षभराचे चेक ते सव्वा मिनिटात उरकतं. विठ्ठलवाडीहून सुटलेली लोकल कल्याणला पोहोचायलाही याहून जास्त वेळ लागतो.

हाच हिशेब माणशी केला तर साधारण दोन-अडीच माणसांमागे वर्षाला एक चेक पडतो. आता कल्याण पूर्वेतल्या जुन्या चार मजली इमारतीत राहणारे एखादे काका डोळ्यांसमोर आणा. रेल्वेतून निवृत्त झालेले, किंवा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून, किंवा शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधून. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक लिहितात. फक्त तेवढाच. तरी वर्षाचे बारा चेक होतात, म्हणजे देशाच्या सरासरीच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट. वीजबिलही चेकनेच भरत असतील तर पंचावन्न पट. आकडेवारीच्या भाषेत हे काका विरळातले विरळ. आमच्या भागात मात्र प्रत्येक जुन्या इमारतीत असे काका किंवा अशा आजी सापडतात. खजिनदार मुलाच्या वयाचा असतो. तो म्हणतो, "काका, ग्रुपवर क्यूआर टाकलाय, स्कॅन करून टाका ना." काका म्हणतात, "तू पावती फाड, मी चेक आणलाय."

त्यांच्या या हट्टामागे कारणं आहेत, आणि ती नीट ऐकून घेण्यासारखी आहेत. चेकबुकातल्या नोंदीच्या पानावर तारीख, नाव, रक्कम स्वतःच्या अक्षरात राहते. पासबुकावर एन्ट्री मारून आणली की दोन्ही ताडून बघता येतात. फोन हरवला, मुलाने बदलला, नंबर बंद पडला, तरी हा हिशेब जागचा हलत नाही. शिवाय खुद्द सोसायटीचा कारभार चेकवरच उभा आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचं बँक खातं एकट्याने चालवता येत नाही. सचिवाच्या जोडीला अध्यक्षाची किंवा खजिनदाराची सही लागते. लिफ्टवाल्याला, रंगाऱ्याला, वॉचमनच्या एजन्सीला जाणाऱ्या चेकवर दोन सह्या असतात आणि तो कागद दोघांच्या डोळ्यांखालून जातो. महाराष्ट्रात लाखाहून जास्त गृहनिर्माण सोसायट्या आहेत. प्रत्येकीने महिन्याला पाचच चेक फाडले तरी वर्षाला साठ लाख होतात.

एक चेक हातात घेऊन बघा. साधारण वीस सेंटिमीटर लांब, नऊ रुंद. उजेडासमोर धरला की कागदात 'सीटीएस-इंडिया' हा जलचिन्हाचा ठसा दिसतो. खालच्या पांढऱ्या पट्टीवर चुंबकीय शाईतले आकडे असतात. आधी सहा आकडी चेक नंबर, मग नऊ आकडी एमआयसीआर कोड. त्यातले पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचे पहिले तीन ४००, पुण्याचे ४११, पिनकोडसारखेच. या पट्टीवर सही उतरली किंवा शिक्का पडला तर यंत्राला आकडे वाचताना अडचण येते, म्हणून बँकेतले लोक तिथे हात लागू देत नाहीत. कागदाचं वजन चौरस मीटरला ९५ ग्रॅम. एका चेकचं वजन निघतं पावणेदोन ग्रॅम.

आता याला ६१ कोटींनी गुणा. वजन हजार टनांच्या वर जातं. एकापुढे एक ठेवत गेलं तर सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास, म्हणजे विषुववृत्तावर पृथ्वीला तीन फेऱ्या. एकावर एक रचले आणि एका चेकची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर थप्पी ६१ किलोमीटरची होते. ती आडवी करून सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने ठेवत आलो, तर ठाणे, कल्याण, विठ्ठलवाडी मागे टाकून अंबरनाथच्या आसपास संपेल. आणि हे चेक ओसरल्यानंतरचं चित्र आहे. २०१२-१३ मध्ये १३१ कोटी चेक क्लिअरिंगला आले होते. ती थप्पी कर्जतच्याही पुढे गेली असती.

आज हा कागद फारसा फिरत नाही. चेकची प्रतिमा पाठवण्याची सीटीएस पद्धत दिल्लीत २००८ साली, चेन्नईत २०११ साली आणि मुंबईत एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली. तुम्ही चेक जिथे भरता तिथेच तो थांबतो. त्याचा फोटो आणि पट्टीवरचे आकडे तेवढे दुसऱ्या बँकेकडे जातात. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसाअखेरच्या गठ्ठ्याची पद्धतही गेली. दिवसाच्या ठरलेल्या सहा तासांत चेक जसे येतील तसे स्कॅन होऊन पुढे जातात, आणि समोरच्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवायचं असतं. बँकांचे कामाचे दिवस वर्षाला २७५ धरले तर या सहा तासांच्या खिडकीतून सेकंदाला शंभराच्या घरात चेक जातात.

चेक मोडीत निघाला असं म्हणणाऱ्यांनी मात्र रकमांकडे बघावं. २०२४-२५ मधल्या त्या ६१ कोटी चेकमधून सुमारे ७१ लाख कोटी रुपये इकडून तिकडे गेले. यूपीआयवर गेले २६१ लाख कोटी. व्यवहारांच्या संख्येत चेक तीनशे पटींनी मागे आहे, पैशांत चार पटींनीही नाही. सरासरी यूपीआय व्यवहार १,४०० रुपयांचा, सरासरी चेक १ लाख १७ हजारांचा. चेक आता मोठ्या रकमांचं, व्यापाराचं, घरखरेदीचं साधन झालं आहे. काकांचा अडीच हजारांचा मेंटेनन्सचा चेक त्यात अंग चोरून उभा असतो. असे सत्तेचाळीस चेक एकत्र केले तेव्हा कुठे एक 'सरासरी' चेक होतो. नव्या यंत्रणा मोठ्या रकमांच्या मापाने बेतल्या जातात. पन्नास हजारांवरच्या चेकची माहिती बँकेला आधी कळवण्याची पॉझिटिव्ह पे सोय जानेवारी २०२१ मध्ये आली ती त्यासाठीच. लहान चेक लिहिणाऱ्या म्हाताऱ्या हातांचा विचार करायची जबाबदारी मग कोणाचीच राहत नाही.

चेकची दुसरी बाजूही मोठी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. न वटलेला चेक हा १ एप्रिल १९८९ पासून फौजदारी गुन्हा आहे. १८८१ च्या कायद्यात त्यासाठी १३८ वं कलम घातलं गेलं. त्याचं ओझं किती झालं? सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या माहितीप्रमाणे ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशातल्या कनिष्ठ न्यायालयांत २ कोटी ३१ लाख फौजदारी खटले पडून होते, आणि त्यातले ३५ लाख १६ हजार एकट्या चेक न वटल्याचे. दर सहा-सात खटल्यांमागे एक! पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचा चेक सहसा पैसे नाहीत म्हणून परत येत नाही. तो येतो सही जुळली नाही म्हणून. हात थरथरतो, वीस वर्षांपूर्वीची सही आता तशी उमटत नाही. वीजबिलाचा चेक परत आला की महावितरण ७५० रुपये आणि वर जीएसटी लावतं, असे ८८५ रुपये जातात. बिलच कधीकधी एवढं नसतं.

बाहेरच्या जगात काय चाललं आहे? डेन्मार्कने २०१७ साली चेक बंद केले, न्यूझीलंडच्या मोठ्या बँकांनी २०२१ साली. अमेरिका अजून चेकच्या देशात मोडते. तिथे २०२१ साली सुमारे १,१०० कोटी चेक वटले. आपल्या पाव लोकसंख्येत आपल्या अठरापट. न्यू जर्सीत घरभाड्याचा चेक लिहिणारा मुलगा आणि कल्याणला मेंटेनन्सचा चेक लिहिणारे त्याचे वडील, असंही एखाद्या मराठी घरात घडतं. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती ब्रिटनची गोष्ट. १९९० साली तिथे ४०० कोटी चेक लिहिले गेले होते. संख्या घसरत गेली तसं डिसेंबर २००९ मध्ये बँकांच्या मंडळाने जाहीर केलं की ऑक्टोबर २०१८ मध्ये चेक क्लिअरिंग बंद करू. वृद्धांच्या संघटना, धर्मादाय संस्था आणि संसदेची समिती आडवी आली, आणि जुलै २०११ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. म्हाताऱ्या माणसांच्या संख्येकडे बघून नव्हे, त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नाही हे बघून.

आपल्याकडे दुसरा रस्ता आहे, पण त्यावर भीती बसली आहे. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षाच्या तिप्पट. 'डिजिटल अरेस्ट'च्या बातम्या रोज वाचणाऱ्या आजी पिन दाबायला कचरतात, यात त्यांचं काय चुकलं? मुलाने किंवा नातीने त्यांच्या फोनवरून पैसे भरून देणं सोपं आहे. पण मग पिन दुसऱ्याच्या तोंडी असतो आणि स्वतःच्या पेन्शनवरचा स्वतःचा हात सुटतो. चेक लिहिताना तो सुटत नाही. हात अगदीच चालेनासा झाला तरी दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी असेल तर, अंगठा उठवून पैसे काढायची सोय आपल्या बँकांच्या नियमांत आहे.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना बजावलं की ज्येष्ठांना चेकबुकासाठी स्वतः यायला लावू नका, बचत खात्यावर मागतील त्यांना वर्षाला किमान २५ चेकची पानं फुकट द्या, सत्तरीपुढच्यांना शक्य तिथे घरपोच सेवा द्या. हा नियम किती ज्येष्ठांना माहीत आहे, याची विचारणा प्रत्येक सोसायटीच्या खजिनदाराने आपल्या इमारतीत एकदा करावी. आता त्या २५ पानांचा हिशेब मांडू. मेंटेनन्सची बारा, वीजबिलाची बारा, झाली चोवीस. उरलं एक. आणि सीटीएस चेकवर खाडाखोड चालत नाही. तारखेखेरीज काही खोडलं की तो चेक बाद, नवीन पान घ्या. थरथरत्या हाताने वर्षाला एकदाच चुकायचं, एवढीच मुभा या आकड्यात आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं १ कोटी ११ लाखांच्या आसपास होती. त्यांच्यातल्या दहातल्या एकाने दर महिन्याला एक चेक लिहिला असं धरलं, तर वर्षाचे होतील १ कोटी ३३ लाख. यूपीआयच्या गतीने बघितलं तर अर्धा तास. वर्षातल्या एवढ्या अर्ध्या तासासाठी पंचविसाची पन्नास पानं करणं देशाच्या कुठल्याही बँकेला जड जाऊ नये, आणि ती मागणी सोसायट्यांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि आपल्याकडच्या सहकारी बँकांच्या सभासदांनी वार्षिक सभेत लेखी द्यावी.