आधी पोट उघडून दाखवा!

पाडव्याच्या मुहूर्तावर पूर्वी आपण सोने घेत असू, भांडी घेत असू, फार तर रेडिओ. आता मुलगा अभियांत्रिकीला गेला किंवा मुलगी बी. कॉम.ला गेली, की घरातली पहिली मागणी लॅपटॉपची! पन्नास-साठ हजारांचा हा जिन्नस आपण निवडतो कसा? रंग पाहतो, वजन पाहतो आणि झाकण एका बोटाने उचलून ‘अगबाई, किती पातळ!’ म्हणतो. तांदळाचा दाणा दाताखाली धरून पाहणारी गृहिणी इथे मात्र रूपावर भुलते. आणि तिचे यजमान तिच्याही आधी!

मी मराठीचा मास्तर. म्हणून शब्दांपासून सुरुवात करतो. ‘दणकट’ आणि ‘टिकाऊ’ हे शब्द आपण एकाच अर्थी वापरतो. पण पडूनही फुटत नाही ती वस्तू दणकट आणि बिघडली तरी पुन्हा उभी राहते ती टिकाऊ. दगडाच्या पाट्यालासुद्धा अधूनमधून टाकी लावून घ्यावी लागे. मग लॅपटॉपची काय कथा? त्याची बॅटरी म्हणजे रसायनांचा खेळ. यंत्र कितीही महागाचे असो, काही वर्षांनी ती थकायचीच. प्रश्न एवढाच, की ती बदलता येते का?

१९९२ साली आय.बी.एम.ने ‘थिंकपॅड’ बाजारात आणला. काळा, चौकोनी, जेवणाच्या डब्यासारखा. पुढे त्याच्या कित्येक नमुन्यांत कळफलकाखाली सांडलेले पाणी वाहून जायला मोरीसारखी वाट ठेवलेली असे. स्क्रू काढले की कळफलक हातात येई. २००५ साली हा धंदा लेनोवोकडे गेला. २००८ साली स्टीव्ह जॉब्झ यांनी कागदी पाकिटातून ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढला, आणि सारे जग बारीक होण्याच्या मागे लागले. २०१२च्या रेटिना पडद्याच्या ‘मॅकबुक प्रो’मध्ये बॅटरी चिकटवलेली होती आणि रॅम डाग देऊन पक्की केलेली. अशा जोडणीने जागा वाचते हे खरे. पण नंतर रॅम वाढवायची सोय उरत नाही. २०१५पासूनच्या त्यांच्या अतिपातळ कळफलकाची तऱ्हा तर और! धुळीच्या कणाने कळ अडे, आणि कळफलक बदलायचा तर वरचा सांगाडा बॅटरीसकट बदलावा लागे. त्या दाव्यात अ‍ॅपलने २०२२ साली अमेरिकेत ५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

आमच्या कन्येच्या लॅपटॉपची (कंपनीचे नाव नको!) बिजागरी तिसऱ्या वर्षी निखळली. सेवाकेंद्राने पडद्यासह सगळा वरचा भाग बदलायला सांगितला. खर्च अकरा हजार. ऐन परीक्षेचे दिवस. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कारागिराने आत डोकावून सांगितले, “सर, बिजागरी शाबूत आहे. तिला धरणारं प्लॅस्टिक तेवढं गेलंय.” आठशे रुपयांत काम झाले. त्याच यंत्रावर तिने पदवी घेतली.

बाहेरच्या जगालाही हे उमगू लागले आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या ‘फ्रेमवर्क’ कंपनीने असा लॅपटॉप काढला, की खोक्यात पेचकसच मिळतो आणि बॅटरी, पडदा, कळफलक, सारे घरी बदलता येते. त्याच वर्षापासून फ्रान्समध्ये लॅपटॉपवर तो दुरुस्तीला किती सोपा याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्या सरकारनेही २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली.

समितीचे काम समिती करील. आपण दुकानात चार प्रश्न तर विचारू या! तळाचे झाकण साध्या पेचकसाने उघडते का? बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवून? रॅम आणि साठवणीची एस.एस.डी. पुढे बदलता येईल का? सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, आणि किती वर्षे मिळतील? दुकानदार गोंधळेल, कदाचित हसेलही. हसू द्या. वांगेसुद्धा किडके निघेल म्हणून देठाशी निरखून घेणारी माणसे आपण. पन्नास हजारांच्या वस्तूचे पोट पाहायला संकोच कसला?