शोधा, टिपा आणि जिंका!

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चार कुटुंबे एकत्र जमतात. पहिला तास ख्यालीखुशालीत जातो, दुसरा जेवणात. मग मुले मोबाईल घेऊन कोपऱ्यात, पुरुषमंडळी टीव्हीसमोर आणि बायका पुन्हा स्वयंपाकघरात! मावस-चुलत भावंडांना एकमेकांची नावेही धड ठाऊक नसतात. अशा वेळी त्याच मोबाईलला कामाला लावणारा खेळ म्हणजे फोटो ट्रेझर हंट. गटांना कोडी द्यायची आणि दिलेल्या वेळात उत्तरांचे फोटो काढून आणायला सांगायचे.

मुंबईत यासाठी फोर्टसारखी जागा नाही. रविवारी सकाळी कचेऱ्या बंद असतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरुवात करा. ‘फाटकावर दोन राजे, एक इथला, एक परका’ या कोड्याचे उत्तर फाटकाच्या खांबांवर बसले आहे. वाघ भारताचा, सिंह ब्रिटनचा. रोज लोकलने येणाऱ्या काकांनीही तो वाघ कधी पाहिलेला नसतो आणि तिथेच खेळाला रंग चढतो. हुतात्मा चौकात १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक जवळजवळ आहेत. ‘फुलांची देवी आणि पेटती मशाल एकाच फोटोत आणा’ म्हटले की योग्य कोन सापडेपर्यंत सगळ्यांची धावपळ! आईच्या नावाचा मनोरा म्हणजे राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो १८७८ मध्ये उभा राहिला. ‘घोडा आहे, स्वार कुठे?’ हे तर सोपेच. काळा घोडा! सातव्या एडवर्डचा जुना पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला. आताचा बिनस्वाराचा घोडा २०१७ मध्ये बसवला गेला.

कोडी करण्यापूर्वी एकदा स्वतः फिरून या. दुरुस्तीसाठी एखादी इमारत पत्र्याआड गेली असेल, तर सगळा गट तुमच्यावर चिडेल. आठ-दहा कोडी आणि दोन तास पुरेत.

खरी कसोटी गट पाडताना लागते. नवरा-बायको एकाच गटात नकोत, वाटेत वाद ठरलेलाच! प्रत्येक गटात चार-पाच जण, त्यात एक लहान मूल आणि एक वडीलधारी व्यक्ती हवी. बहुतेक घरांत गुडघे दुखणाऱ्या आजींना ‘तुम्ही आपल्या घरीच थांबा’ असे सांगितले जाते. त्या थांबतातही, पण मनातून खट्टू होतात. म्हणून नियमच करा. प्रत्येक फोटोत गटातला प्रत्येक जण दिसला पाहिजे. आजी नाहीत, तर गुण नाहीत. मात्र ‘आधी येणाऱ्याला जादा गुण’ हा मोह टाळा, नाहीतर नातवंडे आजींना अक्षरशः ओढत नेतील. आजींच्या चालीने गट चालू दे, वाटेत चहाही होऊ दे. या नियमामुळे इंटरनेटवरून तयार फोटो उचलण्याची हुशारीही आपोआप बंद पडते.

रस्त्याच्या मधोमध उभे राहून काढलेला फोटो बाद, हे निघण्यापूर्वीच बजावा. अनोळखी माणसे कोड्यात नकोत. फुटपाथवर झोपलेला कुणी किंवा फुलवाली ही काही शोधायची वस्तू नव्हे. काळ्या घोड्याजवळच नौदलाची गोदी आहे, त्या दिशेला कॅमेरा वळवूच नका.

फोटो व्हॉट्सअॅपवर एकाच परीक्षकाकडे पाठवावेत. परीक्षक कोणत्याही गटातला नसावा आणि शक्यतो घरचा जावईही नसावा. बिचाऱ्याला कुणालाच दुखवता येत नाही.

पावसाळ्यात हाच खेळ घरातही जमतो. ‘घरातली सर्वांत जुनी वस्तू’, ‘आजोबांच्या हातचे अक्षर’, ‘आता कुणीच वापरत नाही असे भांडे’ अशी कोडी द्या. माळ्यावरचा पितळी बंब किंवा ट्रंकेतली पत्रे कुठे आहेत, हे फक्त आजींनाच ठाऊक असते. मग प्रत्येक गट त्यांना आपल्याकडे ओढू लागतो.