अलाबामाने १२१ वर्षांनी राज्यघटना बदलली, पण नेमकं काय बदललं?

८ नोव्हेंबर २०२२. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गव्हर्नर निवडताना मतदारांना आणखी एक प्रश्न होता : राज्याची नवी घटना स्वीकारायची का? सुमारे ७६ टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटलं.

राज्याची वेगळी घटना? भारतात ती फक्त जम्मू-काश्मीरला होती, २०१९ मध्ये तीही गेली. अमेरिकेत मात्र ५० च्या ५० राज्यांना स्वतःची घटना आहे.

जुनी घटना का नको होती?
ती १९०१ ची. गोऱ्यांचं वर्चस्व कायद्याने पक्कं करायचं, हा हेतू घटना परिषदेच्या अध्यक्षांनीच उघड सांगितला होता. मत द्यायचं तर कर भरा, लिहिता-वाचता येतं हे दाखवा, अशा अटींनी कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवलं गेलं. मुलांच्या शाळाही वर्णानुसार वेगळ्या.

पुढे न्यायालयं आणि केंद्रीय कायद्यांमुळे या तरतुदी निरुपयोगी ठरल्या, पण मजकूर तसाच राहिला. तो काढण्याचे प्रस्ताव २००४ आणि २०१२ मध्ये मतदारांनीच फेटाळले.

२०२२ मध्ये काय झालं?
वर्णद्वेषी मजकूर गेला. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची गुलामी चालेल, ही पळवाटही गेली. साडेनऊशेहून जास्त दुरुस्त्या नीट लावल्या गेल्या.

काय बदललं नाही?
सत्ता अजूनही राजधानी माँटगोमेरीतच. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. तिथल्या साध्या स्थानिक निर्णयासाठीही अनेकदा घटनादुरुस्ती लागते. दुरुस्त्यांचा ढीग साचला तो यामुळेच. म्हणजे भाषा २०२२ ची झाली, सत्तेची वाटणी मात्र १९०१ चीच राहिली.