वह्या तपासणारे धर्मगुरू

पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता, तेव्हाची ही हकीकत. प्योत्र वावझिन्याक १८४९ मध्ये श्रेमजवळच्या विझेका गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मले. तो मुलूख प्रशियाच्या राजवटीखाली होता. दीक्षा घेतल्यावर ते वार्ता नदीकाठच्या श्रेममध्ये सहायक धर्मगुरू म्हणून आले आणि पाव शतक तिथंच राहिले. रविवारी प्रवचन, बाकीचे दिवस गावची लोक-बँक. १८९८ मध्ये मोगिल्नोच्या चर्चचा कारभार त्यांच्याकडे आला.

ही बँक म्हणजे आपल्याकडची पतपेढीच. घडण मात्र जर्मन, शुल्त्से-डेलिट्श यांची. सभासदानं थोडे थोडे पैसे भरून भाग पुरा करायचा, गावानं ठेवी ठेवायच्या आणि चांभाराला कातड्यासाठी, शेतकऱ्याला घोड्यासाठी कर्ज मिळायचं, तेही जामीनदार पाहून. सरकारपुढे हात पसरायचा नाही, हा पहिला नियम. राज्यकर्त्यांच्याच घरचं हत्यार पोलिश माणसांनी उचललं, याची मला गंमत वाटते.

गरजही तशीच होती. बिस्मार्कच्या सरकारनं १८८६ मध्ये वसाहत आयोग नेमला आणि पोलिश मालकांच्या जमिनी घेऊन तिथं जर्मन शेतकरी बसवायला दहा कोटी मार्क दिले. पुढे १९०४ च्या कायद्यानं घर बांधायलाही परवाना लागू लागला. मिहाऊ ड्झिमावा नावाच्या शेतकऱ्याला तो मिळाला नाही, तेव्हा त्यानं आपल्या जमिनीवर सर्कशीच्या गाडीतच बिऱ्हाड थाटलं. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच झालं. पण जमीन घ्यायला आणि टिकवायला रोकड लागते. ती उभी करायचं काम या गावोगावच्या बँकांचं.

त्यांचा संघ १८७१ पासून पोझनानमध्ये होता. त्याच्या प्रमुखाला ‘पात्रोन’ म्हणत. शामाझेव्स्की हे धर्मगुरू १८९१ मध्ये वारल्यावर ती जबाबदारी वावझिन्याकांवर आली. पात्रोनचं मुख्य काम गावोगाव जाऊन वह्या तपासण्याचं: रोजकीर्द, ठेवींची खाती, थकबाकी, जामीनपत्रं. १८८९ च्या जर्मन कायद्यानं दर दोन वर्षांनी निदान एकदा तपासणी सक्तीचीच केली होती. पण इथली कडकपणाची निकड वेगळी होती. हिशोबात घोळ सापडला असता, तर संस्थेवर हात टाकायला अधिकाऱ्यांना निमित्त मिळालं असतं. शिवाय बुडालेली एक पतपेढी शेजारच्या दहा गावांचा विश्वास घेऊन बुडते, हे सहकार जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको.

आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला, तोही जर्मन नमुने अभ्यासूनच. मात्र त्याच्याबरोबर सरकारी निबंधक आला. पोझनानच्या संस्थांनी आपला पात्रोन आपणच ठरवला होता आणि त्याची बोलणीही मुकाट ऐकून घेतली. दोन्ही सहकारांतला मोठा फरक मला इथं दिसतो.

वावझिन्याक ९ नोव्हेंबर १९१० रोजी पोझनानमध्ये वारले. त्यांना मोगिल्नोत दफन केलं. पोलंड स्वतंत्र झाला तो त्यानंतर आठ वर्षांनी, १९१८ मध्ये.