मायलेज वाढवणारी उपकरणे : दावा आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) अशी 100हून अधिक उपकरणे तपासली. बहुतेकांनी इंधन वाचवले नाही. काहींमुळे धुरातले प्रदूषण मात्र वाढले.

● चुंबक : पेट्रोलच्या नळीवर बसवतात. पण अशा चुंबकाने पेट्रोलच्या रेणूंची रचना बदलत नाही.

● हवा घुसळणारी पाती : इंधन पूर्ण जळावे म्हणून बसवतात. पण आधुनिक इंजिनात जवळजवळ सगळे इंधन जळतेच. पात्यांमुळे आत जाणाऱ्या हवेला उलट अडथळा होतो.

● ओबीडी (गाडीतला बिघाड तपासण्याच्या) सॉकेटमधली ‘चिप’ : स्वस्तातली डबी उघडली, तर बहुधा लुकलुकणारे दिवेच सापडतात.

● खरी बचत : टायरमध्ये योग्य हवा, ताशी 45-55 किमीचा स्थिर वेग, लांबलचक सिग्नलला इंजिन बंद आणि डिकीत कमी ओझे. खर्च शून्य.